राजीनामा देण्याचा हक्क आणि वतनाची साखळी

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला कामगारांची जी गर्दी लोटते, तीत आपल्या वस्त्यांतील तरुण मोठ्या संख्येने असतात. कुणी आयटीआय करून फिटर झालेला, कुणी वेल्डर, कुणी बारावीनंतर थेट पॅकिंगला लागलेला. घरात पहिल्यांदाच महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार येऊ लागतो. कर्ज काढून का होईना पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो, बहिणीचे लग्न होते, धाकट्याची फी भरली जाते. अशी पाच-सहा वर्षे गेल्यावर एके दिवशी तो मुलगा घरी सांगतो, "मी ही नोकरी सोडतोय, दुसरीकडे चाललोय." आणि घर सुन्न होते. आई म्हणते, "हातातली भाकर कशाला टाकतोस रे?" बाप काहीच बोलत नाही. शेजारीपाजारी मात्र पोरगं वाया गेलं म्हणून मोकळे होतात.

पहिली नोकरी सोडणे ही घरगुती बाब आहे, तिच्यावर वर्तमानपत्रात काय लिहायचे, असे काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या काम सोडण्याची मुभाच नव्हती, त्या समाजातील तरुणाने स्वतःच्या सहीने राजीनामा देणे ही साधी गोष्ट नाही. तो राजीनामा कसा द्यावा, कधी द्यावा आणि कशासाठी द्यावा, याचा विचार समाजाने एकत्र बसून करायला हवा.

आधी आई-बापांची भीती समजून घेऊ. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनचा, करन्सी नोट प्रेस १९२८ पासूनचा. ओझरचा विमान कारखाना १९६४ चा. रेल्वे, एकलहऱ्याचे वीज केंद्र, नगरपालिका, देवळालीची लष्करी आस्थापना, अशा ठिकाणी आपल्या मागच्या पिढीला जी नोकरी मिळाली ती तिने मरेपर्यंत, म्हणजे निवृत्तीपर्यंत धरून ठेवली. पहिली नोकरी हीच शेवटची नोकरी. साहेबाचे टोमणे ऐकले, बढतीत डावलले गेले, पाण्याच्या माठापाशी वेगळी वागणूक सोसली. पण नोकरी सोडली नाही. कारण मागे परतायला शेत नव्हते, दुकान नव्हते, बँकेत पैसा नव्हता. मागे होते फक्त गाव, आणि गावात होते वतन. त्या पिढीने नोकरी धरून ठेवली म्हणूनच आजचा मुलगा सोडण्याची भाषा बोलू शकतो. तिला भित्री म्हणणे हा कृतघ्नपणा होईल.

वतन म्हणजे काय हे आजच्या तरुणाला सांगावे लागते, ही चांगली गोष्ट आहे. महार वतनदार हा सरकारचाही नोकर आणि गावाचाही. तराळकी करायची, येसकर म्हणून वेशीवर राबायचे, सरकारी टपाल पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेली गुरे ओढायची. कामाला वेळ नाही, रात्र नाही, सणवार नाही. बदल्यात इनामी जमिनीचा तुकडा, बलुते आणि शिळी भाकरी. आणि सर्वांत भयंकर गोष्ट अशी की ही नोकरी एका माणसाची नव्हती, ती घराण्याची होती. कामावरचा माणूस हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला जुंपले जाई. जगात नोकरीवरून काढले म्हणून रडणारे पुष्कळ आहेत. आपल्या पूर्वजांचे दुःख वेगळे होते. त्यांना कुणी काढत नव्हते आणि सोडूही देत नव्हते.

बाबासाहेबांनी हा फास नेमका ओळखला. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. पुढे वतनी जमिनींवर जादा आकारणीचा बोजा आला तेव्हा १९४१ च्या ऑगस्टमध्ये याच नाशिक जिल्ह्यात, सिन्नरला, त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. आज त्याच सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आपली मुले मशीनवर उभी आहेत. वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडले आणि तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते. म्हणजे आपला समाज खऱ्या अर्थाने राजीनामा देऊ शकतो याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

वतन सुटले, पण पोटाचे काय? हा प्रश्न दिंडोरी तालुक्यातील आंबे गावच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हातात घेतला. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्याच प्रश्नातून उभे राहिले. काम सोडण्याचा हक्क कागदावर मिळाला तरी उभे राहायला जमीन नसेल तर माणूस पुन्हा त्याच दारात जातो, हे दादासाहेबांनी जाणले होते. नोकरी बदलणाऱ्या आजच्या तरुणालाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट मनमाडची. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा विचार त्यांनी तेथेच मांडला. हे वाक्य आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील आपल्या माणसांची जी स्थिती सांगितली ती फारशी कुणी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, असे ते म्हणाले. त्याला हमाल होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही. वर्कशॉपमधील कारागिरीची कामेही त्याच्यासाठी बंद. मुंबईच्या गिरण्यांत तेच. विणाई खात्यात पगार जास्त, पण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो म्हणून तेथे अस्पृश्याला मज्जाव. म्हणजे नोकरी मिळाली तरी पुढे सरकण्याची वाट जातीने अडवलेली. पहिली पायरी हीच शेवटची पायरी!

आज ही वाट पूर्ण मोकळी झाली आहे काय? कायद्याने झाली आहे. पण खाजगी कंपनीत आरक्षण नाही. कायम कामगार कमी आणि ठेकेदाराचे कामगार जास्त, असे चित्र बहुतेक ठिकाणी आहे. काही ठिकाणी तर माणूस तोच, मशीन तेच, पण ठेकेदाराचे नाव दर काही वर्षांनी बदलते, म्हणजे नोकरीची सलगता तुटते. सहा वर्षे राबलेला मुलगा कागदावर सहा महिन्यांचाच असतो. अशा मुलाने "आता पुरे" म्हटले तर त्याला चंचल म्हणायचे की शहाणा?

महापालिकांच्या सफाई खात्याकडेही पाहिले पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. गरीब घराला हा आधार आहे आणि तो काढून घ्यावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण बापाच्या हातातला झाडू मुलाच्या आणि मुलाच्या हातातला नातवाच्या हातात जात राहिला, तर ते पगारी वतनच झाले. आधार राहू द्या, परंतु शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाच्या तोडीचे पद मिळाले पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

आता प्रश्न उरतो तो सोडावे कसे याचा. येथे बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना दहा वर्षे तेथे नोकरी करायची होती. पण शिपाई लांबून फायली फेकत, राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले. ते नोकरी सोडून गेले असे म्हणणे चूक आहे. जातीने त्यांना हाकलले.

दुसरा प्रसंग १९२० चा. १९१८ च्या नोव्हेंबरपासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगार दरमहा साडेचारशे रुपये, म्हणजे त्या काळी मोठी रक्कम. पण ते परळच्या चाळीतच राहिले, काटकसर केली, पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले, राजीनामा दिला आणि अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडन गाठले. बडोद्यात त्यांना ढकलले गेले; मुंबईत मात्र त्यांनी स्वतः तयारी केली, दिवस ठरवला आणि पाऊल उचलले. आपल्या तरुणांनी गिरवायचा धडा हा दुसरा आहे. साहेब चार शब्द बोलला म्हणून रागाच्या भरात कार्ड फेकून येणे हा बाणेदारपणा वाटतो, पण त्यात जिंकतो साहेबच. जातीवरून अपमान झाला असेल तर तक्रार करा, लढा. नोकरी सोडायची असेल तर हातात पुढची वाट ठेवून सोडा.

तिसरे उदाहरण मान्यवर कांशीरामांचे. पंजाबातून आलेला हा तरुण पुण्याच्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरीला होता. तेथे बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला म्हणून त्यांना निलंबित केले गेले. कांशीराम त्यांच्या बाजूने उभे राहिले. सहकारी डी. के. खापर्डे यांनी त्यांच्या हाती बाबासाहेबांचा 'जातिनिर्मूलन' हा ग्रंथ दिला. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९७१ साली पुण्यातच कर्मचाऱ्यांची संघटना उभी केली. त्यातूनच बामसेफ आली. ध्यानात घ्या, पहिली गोष्ट त्यांनी राजीनाम्याची केली नाही. आधी आतमध्ये राहून सहकाऱ्यासाठी लढा दिला. आणि बामसेफ उभी करताना कर्मचाऱ्यांना त्यांनी नोकऱ्या सोडायला सांगितले नाही. नोकरीत राहून समाजाचे देणे फेडा असे सांगितले. प्रत्येकाने कांशीराम व्हावे असे नाही. पण नोकरी बदलली म्हणून समाजाशी असलेले नाते बदलत नाही, एवढे तरी त्यांच्यापासून घ्यावे.

आता थोडे व्यवहाराचे. कारण आपले नुकसान बहुधा भावनेत होत नाही, कागदात होते. पहिली नोकरी सोडताना आपली मुले भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून मोकळी होतात. त्या पैशातून गाडी येते किंवा लग्नात मांडव मोठा होतो. पण निवृत्तीवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. पैसे काढले की आधीची सेवा पुसली जाते. यूएएन क्रमांक एकच ठेवून खाते नव्या नोकरीकडे वर्ग केले की सेवा जोडली जाते. आपल्या बहुसंख्य घरांत वारशाने भांडवल आलेले नाही. ही रक्कम हेच आपले पहिले भांडवल आहे. ते असे उडवू नका.

दुसरे, ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्यापासून पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर राजीनामा दिला तरी ती मिळते. प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या; त्यांनुसार ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. साडेचार वर्षे झालेल्या कायम कामगाराने चिडून राजीनामा देण्याआधी कॅलेंडर पाहावे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याने नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद जपून ठेवावी. उद्या ठेकेदार पळाला तर भविष्य निर्वाह निधीची जबाबदारी मूळ मालकावर येते. पण तुम्ही तेथे होतात हे सिद्ध करायला कागद लागतो. अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. तो तुमचा हक्क समजा, साहेबाची मेहेरबानी नव्हे.

हे सांगायचे कुणी? आमचे म्हणणे असे की, आपल्या वस्तीत प्रेसमधून, एचएएलमधून, रेल्वेतून निवृत्त झालेली जाणती माणसे आहेत. त्यांनी तीस-पस्तीस वर्षे कामगार संघटना पाहिली, फॉर्म भरले, खटले लढवले. रविवारी वंदनेनंतर त्यांनी बुद्धविहारात तासभर बसावे. मुलांनी आपली कागदपत्रे घेऊन यावे. जयंतीच्या मिरवणुकीला जेवढा खर्च होतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात वर्षभर हे मार्गदर्शन केंद्र चालेल. मुलींसाठी तर ते अधिकच गरजेचे आहे, कारण लग्न ठरले की त्यांचा राजीनामा बहुधा दुसराच कुणीतरी ठरवतो. तिच्या नोकरीचा निर्णय तिचाच असला पाहिजे.

आणि आई-बापांना एक विनंती. मुलगा वा मुलगी विचार करून, पुढची वाट पाहून नोकरी बदलत असेल तर त्यांना अडवू नका. ज्या कामातून तुमच्या आजोबाला मरेपर्यंत सुटका नव्हती, त्याच्या पणतूने आज "येत्या महिन्यापासून मी येणार नाही" असे स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे, यासाठीच तर सिन्नर झाले, मनमाड झाले. त्या अर्जाखाली त्याला निर्भयपणे सही करू द्या. फक्त सही करण्याआधी पुढच्या नोकरीचे पत्र त्याच्या खिशात आहे ना, एवढे मात्र विचारा.

जयभीम!