कॉर्बेटच्या दोन रायफली

चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. तिच्या दस्त्यावर तशी चांदीची पट्टी आहे. कॉर्बेटकडे जेफरी कंपनीची .४५०/४०० ही जोडनळी रायफलही होती. जाणकार या दोघी लांबूनच ओळखतो.

रिग्बीला एकच नळी आणि उजव्या अंगाला बोल्टची मूठ. दाराच्या कडीसारखी ती वर उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत शिरते, आणि खाली दाबली की बोल्टचे दात खाचांत अडकून कुलूपबंद होतात. ही रचना जर्मन माउझरची. काडतूसही माउझरचेच, ७ मिलिमीटरचे; .२७५ हे त्याला मिळालेले इंग्रजी नाव.

जेफरीत असली यातायात नाही. नळ्या शेजारी-शेजारी, खटका सरकवला की बिजागरीवर मोडतात. हात न हलवता दुसरा बार लगेच काढता येतो, आणि वाघ अंगावर येत असताना तेवढीच सोय पुरते! तिसऱ्या बाराला मात्र रायफल उघडावीच लागते.

काडतुसांचे बूडही वेगळे. जोडनळीच्या पुंगळीला बाहेर आलेली कड असते, तिच्यावरच ती नळीच्या तोंडाशी अडते. माउझरच्या पुंगळीला कडेऐवजी खोबण असते. बोल्टचा आकडा तीच पकडतो. .४५०/४०० या जोडआकड्याचा अर्थ सरळ आहे: .४५० ची पुंगळी, तोंडाशी .४०० च्या गोळीसाठी आवळलेली.