पगार गावात, संसार शहरात

एखादे गाव तालुक्याचे ठिकाण झाले म्हणजे त्याचे दिवस पालटले, अशी आपल्याकडे एक दृढ समजूत आहे. तहसील कचेरी येते, पंचायत समिती येते, बँका आणि शाळा वाढतात. त्यांच्यामागोमाग पगारदार माणसे येतात आणि त्यांच्या खरेदीवर बाजारपेठ उभी राहते, असा हा हिशेब असतो. लातूर जिल्ह्यातील रेणापूरकडे पाहिले म्हणजे या हिशेबातील एक उणीव ध्यानात येते. कचेऱ्या आल्या, परंतु त्यांत काम करणारी पुष्कळशी माणसे मुक्कामास आली नाहीत.

रेणापूर हे काही अनोळखी गाव नव्हे. रेणा नदी आणि रेणुकादेवीचे देवस्थान ही त्याची जुनी ओळख. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि पुढे रेणापूर स्वतंत्र तालुका बनले. १९९५ ते १९९९ या काळात राज्याचे उपमुख्यमंत्री असलेले गोपीनाथ मुंडे रेणापूर याच नावाच्या मतदारसंघातून निवडून आले होते. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, २००९ च्या निवडणुकीपासून, ते नाव विधानसभेच्या यादीतून गेले आणि तालुका लातूर ग्रामीणमध्ये सामावला. आता गावास नगर पंचायत आहे, तालुक्यात सहकारी साखर कारखाना आहे, शिवारात ऊस आहे, सोयाबीन आहे. आणि वीसएक किलोमीटरवर लातूर आहे. या शेवटच्या वाक्यातच गावाचे सुख आणि दुखणे, दोन्ही साठविलेले आहे.

सकाळी लातूरहून येणाऱ्या एस. टी. गाड्यांतून आणि मोटारसायकलींवरून शिक्षक, कारकून, ग्रामसेवक उतरतात. त्याच वेळी गावातील मुले शिकवण्यांसाठी लातूरकडे निघतात. सायंकाळी ही अदलाबदल उलट दिशेने होते. मागे राहतो तो शेतकरी, मजूर, लहान दुकानदार आणि म्हातारी माणसे. त्यांचे जीवन अगदीच रुक्ष असते असे नाही. दुकानदार नाव न विचारता उधारीच्या वहीत रक्कम मांडतो; घरात आजारपण आले तर शेजारी आधी धावतो; माणूस आपल्या बापाच्या, आजाच्या नावाने ओळखला जातो. मात्र हीच ओळख काही वेळा जाच होते. शिकणाऱ्या मुलीच्या येण्याजाण्यावर सबंध गल्लीचा पहारा असतो आणि आडनावावरून माणसाची जागा ठरविण्याची खोड अद्याप गेलेली नाही. लहान गावाचा जिव्हाळा आणि त्याचा काच एकाच मुळातून येतात.

पण येथे प्रश्न आहे तो पैशाच्या वाटेचा. शिक्षकाच्या पगारातील रुपया गावातच खर्च झाला तर तो किराणा दुकानदाराकडून दूधवाल्याकडे, तेथून शिंप्याकडे फिरतो आणि दोन-चार घरांची चूल पेटवून पुढे जातो. तोच रुपया सायंकाळच्या गाडीने लातूरला गेला तर गावाच्या वाट्याला येतो फक्त चहाचा कप. पगाराचे आकडे तालुक्याच्या नावावर पडतात. घरभाडे, भाजी, शाळेची फी आणि दवाखान्याचे बिल यांचा लाभ शहराला होतो.

अमेरिकेतील लहान गावांविषयी आपल्याकडे बरीच रम्य कल्पना आढळते. त्या देशातील एका अभ्यासाची आठवण येथे उपयोगी पडेल. वॉल्टर गोल्डश्मिट या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातील आर्विन आणि डिनूबा या दोन गावांची तुलना केली. दोन्हींच्या परिसरातील शेतीउत्पन्नाचे मूल्य जवळपास सारखे. परंतु डिनूबाभोवती लहान शेतकऱ्यांची घरची शेती होती, तर आर्विनभोवती मोठमोठ्या मळ्यांवर मजूर राबत. डिनूबात दुकाने, शाळा, बागा आणि संस्था अधिक होत्या. आपला कारभार पाहणारी नगरपालिका होती. आर्विनला त्या काळी तीही नव्हती. रेणापूरचे दुखणे मळ्यांच्या आकाराचे नाही, हे खरे. परंतु धडा लागू पडतो. गावाच्या शिवारात किती संपत्ती निर्माण होते यावरच गावाची प्रकृती ठरत नाही. ती संपत्ती ज्यांच्या हाती पडते त्यांचे गावाशी काय नाते आहे, यावरही ती ठरते.

कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, हा नियम आहेच. २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाने त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची अटही घातली. पण ठरावाने मुक्काम घडत नाही; घडते ती कागदाची पूर्तता. शिवाय कर्मचाऱ्याला सरसकट दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. लातूरच्या महाविद्यालयांनी आणि शिकवण्यांनी निर्माण केलेली ख्याती महाराष्ट्रभर पसरली असता, वीस किलोमीटरवरच्या बापाने आपल्या मुलाला त्यापासून दूर का ठेवावे? राहण्याजोगे घर, रात्री उघडा दवाखाना आणि नियमित पाणी यांची हमी नसेल, तर केवळ कर्तव्याच्या उपदेशावर संसार मांडता येत नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंनी हात पुढे यावयास हवेत. नगर पंचायतीने गाळ्यांच्या लिलावाइतकीच आस्था भाड्याच्या चांगल्या घरांविषयी आणि ग्रंथालयाविषयी दाखवावी. शासनाने घरभाडे भत्त्याची चौकशी करण्याआधी कर्मचारी निवासस्थाने बांधावीत आणि ती राहण्यायोग्य ठेवावीत. आणि पगारदार मंडळींनीही एक गोष्ट ओळखावी. गावात राहणारा शिक्षक स्वतःच्या मुलाला ज्या शाळेत घालतो, त्या शाळेचे गळके छप्पर फार दिवस गळके राहत नाही. गावात राहणाऱ्या कारकुनाच्या नळाला पाणी आले नाही, तर तक्रारीला धार येते. गावाला त्यांच्या खर्चाइतकीच त्यांच्या या गाऱ्हाण्यांची गरज आहे. ज्यांना अर्ज लिहिता येतो, तीच माणसे दिवस मावळताच निघून जाऊ लागली, तर मागे राहणाऱ्यांचा अर्ज लिहावयाचा कोणी?