वंगण संपले?

पोलादाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला यंत्राची भाषा सहज सुचते. भिलाईच्या कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ साली झाला आणि १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळी कामावर लागलेली पिढी केव्हाच निवृत्त झाली. आज तेथील वसाहतीतील वृद्धाचा गुडघा दुखू लागला, की ‘वंगण संपले’ हा नागपूर-पुण्याकडचा नेहमीचा निदानवजा शब्दप्रयोग तेथील मराठी घरांतही कानी पडतो. ही उपमा अर्धीच खरी आहे.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा नावाचे गुळगुळीत, लवचीक आवरण असते. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना ती दाबली जाते आणि पाऊल उचलताच ओल्या स्पंजाप्रमाणे सांध्यातील द्रव शोषून घेते. तेच तिचे पोषण. यंत्र थांबवले तर त्याची झीज थांबते. सांधा थांबवला तर त्याचे पोषणच थांबते. शिवाय मांडीचे स्नायू रोडावतात आणि त्यांनी पेलायचा भार सांध्यावर पडतो. ‘आता फिरणे नको’ असे म्हणून वडीलधाऱ्यांना पलंगावर बसवून ठेवणे, हे प्रेमापोटी केलेले अहितच होय.

खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच सेकंद तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा केलेला हा साधा व्यायाम मांडीला बळ देतो. सपाट रस्त्यावर रोज चालावे. उकिडवे बसणे मात्र टाळावे. वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेकजण नेमके उलट करतात. सांधा आखडला असेल तर शेक द्यावा, सुजून गरम झाला असेल तर थंड पट्टी ठेवावी.

वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्यांनी चटकन आराम पडतो, म्हणूनच त्या अधिक घातक.

प्रत्येक सांधेदुखी झिजेचीच नसते. सकाळी हातांची बोटे तासभर आखडून राहत असतील, तर तो आमवात असू शकतो. तो तरुणपणीही जडतो आणि त्यावर लवकर औषध सुरू न झाल्यास सांधे वाकडे होतात. तापाबरोबर एकच सांधा एकाएकी लाल होऊन सुजला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कूर्चा पार झिजली आणि अन्य उपायांनी भागेनासे झाले, की कृत्रिम सांधा बसवण्याचा मार्ग उरतो. त्याच्या किमतीवर केंद्र सरकारने २०१७ साली मर्यादा घातली. या शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाला बहुधा एक-दोन दिवसांतच उभे करून चालवले जाते.