पिकलेलं तेवढंच

डिसेंबरात चिकमगळूरच्या डोंगरात सुटीला गेलं की कॉफी बहुधा गाडीच्या काचेतूनच दिसते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच सिल्व्हर ओक, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली सावलीत काळपट हिरवी झुडपं. आम्ही राहायला होतो ते घर मळ्यातच होतं आणि अरेबिकाची तोडणी ऐन भरात होती. मालकांना विचारलं, एक दिवस तोडणीला येऊ का? म्हणाले, या, पण सकाळच्या हजेरीला हवं.

कॉफीचं झाड मोकळं सोडलं तर खूप वाढतं. इथे शेंडा खुडून ते डोक्याच्या उंचीवर रोखतात, म्हणजे फांद्या हाताशी येतात. फांदीच्या प्रत्येक पेराला फळांचा घोस चिकटलेला असतो आणि खरी अडचण त्या घोसातच असते. एकाच घोसात हिरवं, पिवळं, लालबुंद आणि पिकून काळं पडलेलं फळ शेजारी शेजारी. याचं कारण पावसात आहे. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एखादी चांगली सर झाली की आठ-दहा दिवसांत मळा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि दोन-तीन दिवसांत ती फुलं झडतातही. पण सगळ्या कळ्या एका सरीत फुलत नाहीत, काही पुढच्या सरीची वाट पाहतात. पुढे फळ तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. वसंतातल्या सरींमधलं अंतर डिसेंबरात असं घोसाघोसात दिसतं. म्हणून एकाच झाडाकडे हंगामात पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि दर वेळी पिकलेलं तेवढंच काढायचं असतं.

मला शिकवलं ते आसामातून आलेल्या एका बाईंनी, मोडक्या हिंदीत आणि बरंचसं हातांनी. फळ ओढायचं नाही. अंगठा आणि तर्जनी यांत धरून किंचित पीळ द्यायचा, ते आपसूक सुटतं. ओढलं तर फांदीची साल निघते, नाहीतर शेजारचं हिरवं फळही हातात येतं. त्यांची बोटं घोसात शिरून लाल तेवढी फळं वेचून बाहेर येत, नजर तोवर पुढच्या पेरावर गेलेली असे. कमरेला बांधलेल्या पिशवीत फळं पडल्याचा टपटप आवाज थांबतच नव्हता. माझ्या पिशवीचा तळ झाकेपर्यंत त्यांनी दोन झाडं संपवली होती. एक पिकलेलं फळ चोखून बघायला सांगितलं त्यांनी. साल जाड, आत जेमतेम गर, पण तो गोड आणि बुळबुळीत. त्यात एकमेकांना चिकटलेल्या दोन बिया.

तोडणी चालू असताना मेस्त्री, म्हणजे इथला मुकादम, एका मरगळलेल्या झाडापाशी थांबला. पानं पिवळी पडलेली, खोडावर सालीखाली कडी घातल्यासारखे उंचवटे. हा खोडकिडा. भुंगेरा खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो आणि अळी आतून लाकूड पोखरत जाते. एकदा आत शिरली की झाडाला औषध नाही. ते उपटून जाळायचं. या भुंगेऱ्याला ऊन लागलेली खोडं आवडतात, म्हणून अरेबिकाला सावली जपावी लागते. सहलीला आलेल्यांना जी झाडी डोळ्यांना गार वाटते, ती या मळ्याची राखण आहे. मेस्त्रीने झाडाला खुणेची चिंधी बांधली आणि पुढे निघाला.

ही पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. सतराव्या शतकात बाबा बुडान यांनी येमेनमधून सात बिया आणून याच डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. डोंगररांगेला नावही त्यांचंच आहे. जवळच्या बाळेहोन्नूरला 1925 साली कॉफीचं संशोधन केंद्र निघालं आणि तिथलं सिलेक्शन 795 हे वाण आजही या मळ्यात उभं आहे. आपल्याकडे चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते, पण देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते.

संध्याकाळी सगळे ताडपत्रीभोवती जमले. पिशव्या ओतल्या, चुकून आलेली हिरवी फळं निवडून बाजूला काढली, मग काटा. रायटर, म्हणजे मळ्याचा कारकून, वहीत आकडे मांडत होता. मजुरी किलोवर ठरलेली. म्हणजे ज्या कामात हात आवरावा लागतो, त्याचे पैसे मात्र हात जितका चालेल तितके. कच्चं फळ वजनाला कमी पडत नाही, पण कपात ते तुरट लागतं. दिवसभर ते सोडून देत गेलेल्या बोटांना त्या वहीत जागा नव्हती, आणि मला ते फार लागलं.

फळं त्याच रात्री पल्परला लागतात, ठेवली तर आंबतात. आधी पाण्याच्या हौदात टाकतात. पोचट फळं तरंगतात, भरलेली बुडतात. पल्पर साल काढतो, तरी बीवर बुळबुळीत थर राहतोच. तो सुटावा म्हणून बिया हौदात मुरत ठेवतात, थंडीत दीड दिवससुद्धा. किती वेळ, हे घड्याळ सांगत नाही. हौदावरच्या म्हाताऱ्या अण्णांनी बियांत काठी खुपसून वर काढली. भोक बुजलं. अजून नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी भोक तसंच उभं राहिलं. मग त्यांनी ओंजळभर बिया धुऊन मुठीत चोळल्या. रेतीसारखा खरखर आवाज आला. लगेच पाणी सोडलं. इथे उशीर झाला तर बीला आंबूस वास धरतो आणि तो भाजूनही जात नाही.

पुढे वाळवणीच्या मंचांवर बिया पसरतात, दिवसा खालीवर करतात, रात्री दवापासून झाकतात. एका ठरावीक मापात भरून रोज वजन करायचं. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की बी वाळली. फळाच्या वजनाचा जेमतेम सहावा हिस्सा शेवटी भाजण्याजोगी कॉफी म्हणून उरतो.

निघण्याआधी मजुरीबद्दल मालकांना विचारलंच. त्यांनी प्रश्न टाळला नाही. हंगामाच्या सुरुवातीला, फळ विरळ पिकलेलं असताना, रोजावर देतात. कारण तेव्हा किलोवर कोणी येणारच नाही. मुख्य तोडणीलाही रोज द्यावा आणि निवडून तोडल्याबद्दल वर काही द्यावं, असं मी म्हटलं. भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, ते म्हणाले, मजुरी मला आजच द्यावी लागते. यंदा भाव चांगला आहे, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. हे खरं आहे. पण भाव चांगला असलेल्या वर्षी तरी हे सुरू करता येईल, असं मला वाटतं, आणि ते मी त्यांना सांगितलं. मळ्याच्या एका उतारावर करून बघतो म्हणाले, वरच्या, जिथली कॉफी ते वेगळी विकतात.