दोन विमानतळ, मधलं अंतर आणि आपला वेळ

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांतलं माणूस आखातात नाहीतर जहाजावर नोकरीला असतं. त्याचं विमान चुकलं तर तिकिटाचे पैसे जातात, कधी नोकरीही अडचणीत येते. म्हणून आज आम्ही दोन विमानतळांविषयी बोलणार आहोत.

मुंबईचा जुना विमानतळ सांताक्रूझ-सहारचा. नवा आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळ उलव्याला. त्याचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. आता नुसतं ‘मुंबईचं विमान’ म्हणून भागत नाही. तिकिटावर तीन इंग्रजी अक्षरं असतात. बीओएम म्हणजे मुंबई, जुन्या ‘बॉम्बे’ नावावरून. एनएमआय म्हणजे नवी मुंबई. मुंबईचं तिकीट असेल तर टर्मिनल एक की दोन, तेही पाहा. दोन्हींची दारं वेगळी आणि लांब आहेत.

दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर अंतर आहे. पण मध्ये खाडी आहे. वाशीच्या पुलावरून रस्त्याने ते पस्तीस-चाळीस किलोमीटर होतं. रस्ता मोकळा असेल तर तासभर, संध्याकाळच्या गर्दीत दोन तास धरावेत. दुसरा मार्ग अटल सेतूचा. हा 21.8 किलोमीटरचा पूल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. तिथे किलोमीटर वाढतात, टोलही लागतो, पण खाडी झटकन पार होते. मात्र शिवडीला उतरल्यावर पुढे शहराची गर्दी आहेच. सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाही.

हिशोब मांडायचा तो उलटा. समजा, चेन्नईहून येणारा मुलगा उलव्याला उतरणार आणि त्याचं दुबईचं विमान सहारहून रात्री 10 वाजता आहे. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे 7 वाजता. रस्त्याचे दोन तास, म्हणजे 5 वाजता निघायचं. सामान घेऊन बाहेर यायला एक तास. म्हणजे पहिलं विमान 4 वाजेपर्यंत उतरायलाच हवं. चाळीस किलोमीटरसाठी सहा तास लागले! शिवाय दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असली तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शक्यतो दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची घ्या.

आता आपल्या गावाहून जाण्याचं. अलिबागहून वडखळ-पेणमार्गे पनवेलकडे गेलं की उलवं आधी येतं. सहारला जायचं तर तिथून पुढे खाडी आणि शहर ओलांडावं लागतं. मांडव्याची रो-रो बोट तासाभरात भाऊच्या धक्क्याला सोडते, पण पावसाळ्यात समुद्र खवळला की तिचा भरवसा धरू नये. गणपतीत, शिमग्यात आणि शनिवार-रविवारी वडखळ-पेणच्या रस्त्यावर गाड्या तुंबतात. त्या दिवसांत आणखी दोन तास हाताशी ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एखादं खरं तिकीट आणा. ती तीन अक्षरं सगळ्यांनी शोधा आणि घरातून निघायची वेळ एकत्र काढा. गाडी ठरवताना ड्रायव्हरला विमानतळाचं पूर्ण नाव सांगा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या.