अतिथिगृहाची अंतर्सजावट : ताजमहाल, अजिंठा आणि खानदेश

हॉटेलच्या अंतर्सजावटीचा विचार आपल्याकडे बहुधा झुंबरे, गालिचे व चित्रे यांपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः सजावट ही वास्तूच्या घडणीपासून वेगळी काढता येण्याजोगी गोष्ट नव्हे. जळगाव व धुळे येथे नव्या धर्तीची हॉटेले उभी राहत असताना हा मुद्दा केवळ तात्त्विक राहिलेला नाही. त्याची परीक्षा दोन उदाहरणांच्या आधारे करून पाहू.

पहिले उदाहरण मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचे. जमशेटजी टाटांचे हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याच्या आराखड्याचे काम सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनी केले. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी इमारत पुरी केली. विजेची सामग्री व पंखे परदेशांतून आणविले होते. तथापि आत शिरणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो आणलेल्या वस्तूंचा नव्हे, तर घुमटाखालच्या मोकळ्या जिन्याचा आणि त्याच्या भोवतीच्या सज्जांचा. जिना हाच येथे मुख्य अलंकार आहे. तो माणसांना वर नेतो आणि त्याच वेळी वास्तूच्या मध्यभागी उजेडाला व वाऱ्याला उंच पोकळी मोकळी ठेवतो. उपयोग आणि शोभा यांची अशी फारकत न होणे, हेच उत्तम सजावटीचे लक्षण होय. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात या जुन्या इमारतीची मोठी हानी झाली. दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी ती पुन्हा खुली झाली. त्या वेळी नवी वास्तू न उभारता जुनीच जपली गेली, यावरून तिच्या अंतर्भागाचे मोल स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण खानदेशाच्या उंबरठ्यावरचे आहे. अजिंठ्याची लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरांवर आहेत. वाकाटककालीन पहिल्या क्रमांकाचे लेणे हा विहार, म्हणजे निवासस्थान आहे. त्याच्या मंडपात २० स्तंभ असून भोवती १४ खोल्या आहेत. भिंतींवर कथाचित्रे आहेत. छत मात्र चौकटींत विभागून फुले, फळे, पक्षी व प्राणी यांनी भरले आहे. जणू डोक्यावर कापडी चांदवा ताणला आहे. भिंत ही थांबून वाचण्याची, तर छत हे ओझरत्या दृष्टीने पाहण्याचे स्थान, हा भेद चित्रकारांनी नेमका जाणला होता. शिवाय अलंकार एकत्र येण्याच्या जागी आहे आणि निजण्याच्या खोल्या साध्या आहेत.

ही नक्षी आधुनिक सजावटीत आली ती प्रतिकृतींच्या वाटेने. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून येथील चित्रे उतरविली; त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाली. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी हेच काम नव्याने केले. त्यांच्या ग्रंथांमुळे अजिंठ्याचा अलंकार सर्वत्र पोहोचला. पण कागदावर नक्षी आली. तिची जागा, अंधुक उजेड व स्तंभांची लय मागे राहिली. म्हणूनच स्वागतकक्षात पद्मपाणीचे चित्र टांगल्याने हॉटेल अजिंठ्याच्या परंपरेतले होत नाही.

मग खानदेशातील सजावटकाराने काय घ्यावे? जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या उन्हाला उत्तर म्हणून येथील जुन्या घरांनी जाड मातीच्या भिंती, धाबे, ओसरी व सागवानी खांब स्वीकारले होते. पश्चिमेकडे काचेची भिंत उभारून आतली उष्णता यंत्राने उपसत बसणे हे वैभव नसून विसंगती आहे. सावलीचा चौक, खोल ओसरी, कोरीव खांब आणि एखादेच चित्रित छत एवढ्यानेही भारदस्तपणा साधेल, आणि स्थानिक सुतार व गवंडी यांच्या हातांना कामही मिळेल.

सारांश, पाहुणा ज्या प्रदेशात उतरला आहे त्याची हवा व उजेड जिथे त्याला सुखद होऊन भेटतात, तीच खरी अंतर्सजावट. बाकीचे सामान विकत घेता येते आणि पुढेमागे विकताही येते.