वैमानिकाची परीक्षा जमिनीवर

खटकचिंचोळीच्या शिवारात तुरीची राखण करणारा माणूस विमानाच्या आवाजाने आता मान वर करीत नाही. बीदरच्या हवाई दल तळावर शिकाऊ वैमानिकांचे धडे चालतात. २००८ पासून तेथे ‘हॉक’ विमाने आहेत. पावसाळ्यात आभाळ दाटले, की घरातील मुले मात्र आम्हांस विचारतात, ‘ढगात शिरल्यावर वाट कशी दिसते?’

दिसत नाही, हेच उत्तर. वैमानिक तेव्हा बाहेर पाहतच नाही. समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवून चालतो. त्याकरिता परवान्यावर स्वतंत्र पात्रता नोंदवावी लागते आणि ती दरवर्षी पुन्हा सिद्ध करावी लागते. प्रवासी कंपन्यांत ही तपासणी बहुधा सिम्युलेटर नामक कृत्रिम विमानात होते. इंडियन एअरलाइन्सने असे प्रशिक्षण केंद्र आपल्या शेजारी हैदराबादेसच थाटले होते.

जमिनीवर बसून उड्डाणाची परीक्षा कसली, अशी शंका पूर्वी आम्हांसही होती. ती फिटली एका दुःखद घटनेच्या वाचनाने. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईस निघाले. उजवे वळण संपून विमान सरळ झाले, तरी कप्तानासमोरील कल दाखविणारे उपकरण उजवीकडेच झुकलेले राहिले. बाहेर काळोख, समुद्र कोठे संपतो नि आकाश कोठे सुरू होते, ते कळेना. कप्तानाने विमान डावीकडे वळविले, आणि अधिकच वळविले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते बांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

असा बिघाड खऱ्या विमानात, रात्री, समुद्रावर मुद्दाम कोण घडवून आणील? सिम्युलेटरमध्ये परीक्षक एक कळ दाबतो आणि उपकरण खोटे बोलू लागते. वैमानिकाने ते शेजारच्या उपकरणांशी ताडून खोटे ठरवावयाचे असते. चुकला, तर पुन्हा बसावयाचे.

या यंत्राची खुबी मोठी मौजेची आहे. क्षितिज दिसेनासे झाले, की माणसाचा अंतर्कर्ण फसतो. वेग वाढला तरी त्यास विमानाचे नाक वर गेल्यासारखे वाटते. सहा पायांवर उभी असलेली सिम्युलेटरची खोली याच फसगतीचा उलटा उपयोग करते. ती किंचित मागे कलते आणि आत बसलेल्यास वेग वाढल्याचा भास होतो! आद्य यंत्र १९२९ च्या सुमारास अमेरिकेत एडविन लिंक याने केले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तशाच भात्यांवर त्याने ते डोलविले. १९३४ मध्ये टपाल वाहताना खराब हवेत सैन्याचे अनेक वैमानिक दगावले, तेव्हा कोठे सैन्याने ते विकत घेतले.

येथे जिवाचे भय नाही, हा आक्षेप खरा आहे. पात्रता गमावण्याचे भय मात्र असते, आणि पोटासाठी उडणाऱ्यास तेही थोडे नव्हे.

परीक्षेच्या अखेरीस धुक्यातून उतरावयाचे असते. नेहमीच्या पद्धतीत जमिनीपासून २०० फुटांवर येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर विमान पुन्हा वर न्यावे, असा दंडक आहे. कित्येकदा परीक्षक धावपट्टी दाखवीतच नाही.